काळं रिकामं ठेवत नाहीत

१९९७ साली, जानेवारीतल्या दुसऱ्या शुक्रवारी, लुसिझी गावच्या प्राथमिक शाळेत मिस मातोतींनी टेबलावरून एक घडी केलेला झगा नोसाखेलेकडे सरकवला. निळ्या बारीक चौकड्यांचा, पुढून बटणं असलेला, दोन मोठे खिसे लावलेला.

"सोमवारी साडेसातला. हा, आणि बंद बूट. डोक्याला रुमाल कुठल्याही रंगाचा चालेल," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या. "काळा सोडून."

नोसाखेलेने झग्याला हात लावला नाही. नवरा गेल्यावर बाईने वर्षभर घालायच्या काळ्यात ती पायापर्यंत होती. काळा झगा, काळा रुमाल, आणि खांद्यावरून घेऊन गळ्यापाशी सेफ्टी पिनने टाचलेली काळी लोकरीची शाल. तिथला जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, बाहेर पत्र्याला हात लावला तर भाजेल असं ऊन होतं.

"मिस, माझं काळं ऑक्टोबरला सुटेल. अजून नऊ महिने आहेत."

"मला मोजता येतात महिने."

"मला काम दिलं तेव्हा लुंगिसा जिवंत होता. सप्टेंबरात. तुम्हीच सही केलीत."

"केली. आणि तेव्हा तू पिवळ्या झग्यात आली होतीस." मिस मातोतींनी चष्मा घातला. "हे बघ, पहिलीत चौऱ्याण्णव मुलं आहेत आणि बाई एक. मला मदतीला माणूस हवंय. पण समितीपुढे तीन आया येऊन गेल्या. म्हणतात, काळ्यातली बाई आमच्या पोरांची नाकं पुसणार असेल तर आम्ही पोरं काढून घेतो. सावली पडते म्हणे. मी मानत नाही असलं काही. पण मुलं गेली तर वर्ग जाईल." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "समितीच्या अध्यक्षांची भाची या जागेला तयारच आहे. कालच येऊन फळा पुसून गेली. कोणी सांगितलं नव्हतं."

ओरडावं असं नोसाखेलेच्या घशात आलं होतं. पण काळ्यात बाईने आवाज चढवायचा नसतो. तिने झगा उचलला, त्याची आणखी एक घडी घातली, मग आणखी एक, आणि तो वीट होईपर्यंत दाबत राहिली.

घरी जाताना वाटेत नळावर बायका पाणी भरत होत्या. एकीने लांबूनच मान हलवली. हात पुढे केला नाही. काळ्यातल्या बाईशी हात मिळवत नाहीत. नोसाखेले रस्त्याच्या कडेने चालत राहिली. गुरांच्या मधून जायचं नाही, गाडीत मागच्या बाकावर बसायचं, ऊन उतरायच्या आत घरात यायचं, आपली ताटली, आपला चमचा, आपला कप. तीन महिने तिने यातलं काहीही मोडलं नव्हतं. लुंगिसावर तिचा जीव होता. खाणीवरून त्याची शवपेटी आली त्या दिवशी तिने स्वतः होऊन काळं मागितलं होतं. ते कोणाला आठवत नव्हतं.

शनिवारी सकाळी मोठे दीर म्बुलेलो दुकान पोराच्या स्वाधीन करून आले. गोल घरात उजव्या अंगाला पुरुषांच्या जागेवर खुर्ची घेऊन बसले आणि हॅट गुडघ्यावर ठेवली. डाव्या अंगाला सासू मारादेबे, पाय पसरून. नोसाखेले दाराआडच्या चटईवर, काळ्यातल्या बाईच्या जागी.

"ऐकतो ते खरं का?" म्बुलेलो तिच्याकडे न बघता म्हणाले. "शाळेत जायचंय म्हणे. निळ्या झग्यात. चौकड्यांच्या."

नोसाखेलेने चटईची सुटलेली काडी आत खोचली.

"भावाची माती अजून बसली नाही आणि इथे चौकड्या! उद्या लिपस्टिक लागेल. गावाने मला विचारलं तर मी काय सांगू? की आमच्या माकोतीला पोरांचे शेंबूड पुसायची घाई झालीय?"

लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पदरात सहा वर्षांची मुलगी होती, तरी त्यांच्या लेखी ती अजून माकोतीच होती, नवी सून.

"काय कमी आहे तुला? पिठाचं पोतं माझ्या दुकानातून येतं ना?"

पोतं येत होतं. प्रत्येक पोत्याबरोबर म्बुलेलो स्वतः येत आणि पोतं संपेपर्यंत पुरेल इतकं बोलून जात.

"भाऊजी," नोसाखेले म्हणाली, "नोतेम्बा वहिनी गेल्या तेव्हा तुमच्या अंगावर काय होतं?"

म्बुलेलोंनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"बटण होतं," ती म्हणाली. "काळं. शर्टाच्या बाहीला. मीच शिवलं होतं. तुम्ही म्हणालात, जरा लहान बघ, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत येतं. वहिनींना शुक्रवारी पुरलं आणि सोमवारी तुम्ही दुकान उघडलंत. तेव्हा कोणाच्या पोरावर सावली पडली नाही! साखर घेऊन गेली सगळी!"

शेवटचे शब्द भिंतीवर आपटले. अंगणातली कोंबडी ओरडत पळाली.

"ऐकलंस, आई?" म्बुलेलो उभे राहिले. "काळ्यात आवाज! माझ्यापुढे! हीच ती तुझी गुणाची!"

मारादेबेने पाय जवळ ओढले. म्हातारीचा चेहरा दगडासारखा होता. तो एरवीही तसाच असे. "मामफेने," तिने सुनेला हाक मारली. ते नोसाखेलेच्या माहेरच्या कुळाचं नाव. सासू नेहमी त्याच नावाने बोलवी. "उठ. बाहेर जा."

नोसाखेले बाहेर आली, उखळात मका टाकला आणि कांडायला लागली. भरडायचा मका तिने पीठ होईपर्यंत कांडला. आत बराच वेळ दिराचा आवाज येत होता. सासूचा एकदाही आला नाही. जाताना म्बुलेलो हॅट डोक्यावर दाबत म्हणाले, "अध्यक्षांना मी सांगून येतो. भाचीला घ्या म्हणून."

"सोमवारी साडेसातपर्यंत जागा माझी आहे," नोसाखेले म्हणाली. पण मुसळाच्या आवाजात म्हणाली.

संध्याकाळी सासूने चुलीशी भरडलेल्या मक्याऐवजी पीठ पाहिलं, त्याचा घट्ट गोळा शिजवला, आणि सुनेच्या वेगळ्या ताटलीत वाढला. रविवारी चर्चला गेली, आली, झोपली. त्या घरात राग असा असे. भांड्यांचाही आवाज न करता दिवसभर घरभर फिरे.

सोमवारी नोसाखेले तांबडं फुटायच्या आधी उठली. आधी निळा झगा चढवला, त्यावर काळा, त्यावर शाल, पिन. हातात एक रिकामी कापडी पिशवी. शाळेच्या अलीकडे कोरफडीचं उंच कुंपण होतं. त्याच्या आड दोन मिनिटं पुरली असती. दुपारी परत येताना पुन्हा दोन मिनिटं. दिवसा नोकरी, घरी काळं. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

ती अंगणात आली तर सासू गोठ्याच्या फाटकापाशी उभी.

"इकडे ये."

ती गेली. मारादेबेने शालीखाली हात घातला आणि दंडापाशी दोन बोटांत कापड धरलं. एक थर, मग दुसरा.

"आत काय आहे?"

"झगा."

"आणि हे काळं कुठे टाकणार होतीस?"

नोसाखेलेने पिशवीकडे पाहिलं. "कोरफडीआड. नीट घडी करून."

तेव्हा म्हातारी भडकली. त्या घरात सून म्हणून आल्यापासून नोसाखेलेने तिचा असा आवाज ऐकला नव्हता. "माझ्या मुलाचं काळं? पिशवीत? कोरफडीआड, जिथे गावातली कुत्री मुततात? काळं रिकामं टाकणार होतीस तू? दिवसभर?"

काळ्याची त्या घराची एक रीत होती. ते अंगावरून पूर्ण उतरवायचं नाही. धुवायचं तर झगा धुवायचा आणि तो वाळेपर्यंत शाल अंगाला हवी. शाल धुवायची तर झगा. वर्षभर त्याच्या आत माणूस हवं. रिकामं काळं दुसरं माणूस शोधतं, असं म्हणत.

"मग काय करू, आई?" नोसाखेलेचाही आवाज चढला. आता जपायचं तरी काय होतं. "काळ्यात गेले तर ते हाकलणार, निळ्यात गेले तर तुम्ही! नागडी जाऊ का?"

"घरात चल."

आत आल्यावर सासूने दाराला कडी घातली. "काढ."

"आई..."

"काढ म्हणते ना."

नोसाखेलेने पिन काढली. तिला वाटलं, आता निळा झगाही काढायला लावणार. शाल सासूच्या हातात गेली, मग रुमाल, मग काळा झगा. म्हातारीने स्वतःचा फुलाफुलांचा झगा डोक्यावरून ओढून काढला आणि सुनेचा काळा अंगात घातला. तिच्या अंगावर तो कुठेच पुरत नव्हता. दंडात रुतला, पाठीची बटणं चार बोटं लांब राहिली.

"बघत काय उभी राहिलीस? पिन लाव."

नोसाखेले मागे गेली. तिने पाठीवर शाल ओढून उघडी बटणं झाकली आणि गळ्यापाशी पिन टोचली.

"आई, या उन्हात तुम्हाला..."

"बोलू नकोस माझ्याशी. मी रागावलेय तुझ्यावर." मारादेबेने काळा रुमाल कपाळावर घट्ट आवळला. "एकोणसाठ साली मिशनच्या दवाखान्यात मला स्वयंपाकघरात घेणार होते. भाकरी भाजायला. मीही काळ्यात होते. दारातून परत पाठवलं. म्हणाले, रोगी घाबरतात. आणि मी आले परत." तिने कडी काढली. "अडीचपर्यंत ये. त्याच्यापुढे एक मिनिट मी हे घालणार नाही. आवळतंय."

पहिलीचा वर्ग म्हणजे मुलांनी भरलेला पत्र्याचा डबा होता. नोसाखेलेने आठ वाजेपर्यंत अकरा नाकं पुसली, दोन चड्ड्या बदलल्या, एका रडणाऱ्या पोराला काखेत घेऊन चौऱ्याण्णव नावं मोजायला बाईंना मदत केली. तिची मुलगी तिसऱ्या रांगेतून तिच्याकडे पाहत होती, आई निळ्यात कशी हे न कळून. नऊच्या सुमाराला मुलं फळ्याकडे बघायला लागली तेव्हा ती खिडकीशी आली.

समोरच्या उतारावर त्यांचं घर होतं. घराखालच्या वळणावर, जिथून शाळेचा रस्ता येतो, तिथे एका दगडावर काळा ठिपका बसला होता.

गावाकडून तीन बाया येत होत्या, समितीपुढे गेलेल्या त्याच. पुढची मामतोलो, चालण्यावरून ओळखू येई अशी, हात हवेत उडवत. मागून म्बुलेलो, आणि त्यांच्या मागे अध्यक्षांची भाची, उन्हासाठी छत्री घेऊन.

वळणावर मामतोलोचे हात खाली आले. काळ्यातल्या म्हाताऱ्या बाईसमोरून तावातावाने जाता येत नाही. तिच्यापुढे आवाज चढवता येत नाही. आणि तिला ओलांडल्याशिवाय शाळेचा रस्ता नव्हता. बायांनी माना खाली घातल्या. काहीतरी विचारलं गेलं. ठिपका हलला नाही. भाचीने छत्री मिटली.

मग म्बुलेलो पुढे आले. ते बराच वेळ आईसमोर उभे होते. इतक्या लांबून शब्द येत नव्हते, पण नोसाखेलेला दिसलं की त्यांचे हात एकदाही वर गेले नाहीत. शेवटी त्यांनी हॅट काढली, छातीशी धरली, आणि भर उन्हात उघड्या डोक्याने घराकडे परत फिरले. त्यांच्या मागोमाग बायाही.

"ताई, शू," कोणीतरी तिचा निळा खिसा ओढला.

अडीचला ती धावतच घरी आली. मारादेबे दगडावरच होती. चेहऱ्यावरून घाम उतरून रुमालाची कड पांढरी पडली होती. दोघी आत गेल्या, कडी लावली. नोसाखेलेने काळा झगा अंगात घातला तेव्हा तो ओला आणि ऊन होता.

"आई, भाऊजींना काय सांगितलंत?"

"काही नाही. बाहीचं बटण कुठे आहे ते विचारलं." म्हातारीने आपला फुलांचा झगा झटकला. "पाणी दे. आणि अजून रागावलेच आहे मी."

ऑक्टोबरपर्यंत असंच चाललं. शनिवार-रविवार सोडून रोज सकाळी एकीच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर, रोज दुपारी परत. पाठीला चार बोटांची पट्टी जोडली तेवढंच. गावात कोणाला कळलं नाही असं नाही. कोणी बोललं नाही इतकंच. काळं जाळायच्या दिवशी, बिअर गाळून झाल्यावर, बायकांनी नोसाखेलेला न्हाऊ घालायला बोलावलं, तर तिने आधी सासूला पुढे केलं.

मिस मातोती दोन हजार चारला निवृत्त झाल्या आणि मुलाकडे शहरात गेल्या. नाताळला पत्र येई. अध्यक्षांची भाची टपालखात्यात लागली, तिथे तिला कोणी काही घालण्यावरून अडवलं नाही. मामतोलोची तीन नातवंडं नोसाखेलेच्या हाताखालून गेली. म्बुलेलोंनी दुसरं लग्न केलं. ते वारले तेव्हा त्यांच्या बायकोने सहा महिन्यांत काळं उतरवलं आणि दुकान चालवायला घेतलं. नोसाखेलेची मुलगी परिचारिका झाली, मिशनच्याच दवाखान्यात.

मारादेबे दोन हजार नऊच्या हिवाळ्यात गेली. तोपर्यंत नोसाखेले परीक्षा देऊन पहिलीची पूर्ण शिक्षिका झाली होती. सुनेने सासूसाठी थोडे आठवडे रुमाल बांधला तरी रीत पुरी होते. तिने वर्षभराचं काळं मागितलं, पायापर्यंत, शालीसकट, आणि सोमवारी साडेसातला ते घालून वर्गात गेली. नवे अध्यक्ष दारापर्यंत आले होते. तिने मान वर करून बघितलं. ते पाण्याच्या टाकीबद्दल काहीतरी विचारून परत गेले.

त्या वर्षी पहिलीत बासष्ट मुलं होती. शाल लोकरीची होती, हाताशी होती. सगळी पोरं तिलाच नाक पुसत.