वाईट तारा आणि हिरवे केस

पार्लरचं शटर वर सरकवता सरकवता तिने मोबाईलवर तो अभिप्राय वाचला आणि शटर अर्ध्यावरच राहिलं. पाचपैकी एकच तारा, आणि खाली इंग्रजीत दोन शब्द: टोटल डिझास्टर. लिहिणारीने नाव दिलं नव्हतं. ‘जलपरी’ एवढंच.

पार्लरवाली वाकून आत शिरली आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीत स्वतःच बसली. तिला चेहऱ्यांपेक्षा डोकी जास्त लक्षात राहायची. गेल्या काही दिवसांतली सगळी डोकी तिने आठवून पाहिली. विरळ, दाट, कुरळी, कोंड्याची. बोंब मारावी असं एकही आठवेना.

तेवढ्यात भावोजी आले. भावोजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून आता निवृत्त झाले होते. महिन्यातून एकदा ते इथे मिशा रंगवायला येत. ही गोष्ट फक्त ताईला आणि हिला ठाऊक होती. आणि मिशा एका रात्रीत काळ्याभोर होत असल्यामुळे बाकी सगळ्या जगाला.

तिने मिशांवर रंग चढवला आणि बजावलं, “आता अजिबात ओठ हलवायचे नाहीत हं, भावोजी.”

भावोजींनी मान डोलावली.

“बरं, मला सांगा, डिझास्टर म्हणजे नुसतंच वाईट, की फारच वाईट?”

आता मास्तरांना शब्दाचा अर्थ विचारायचा आणि वर तोंड उघडू द्यायचं नाही, हा छळच. भावोजींचे डोळे चमकले. घशातून “अं, अं” असे आवाज आले. त्यांनी छताकडे बोट केलं.

“पंखा?”

भावोजींनी मान हलवली आणि बोट आणखी उंच नेलं.

“वरचे भाडेकरू? त्यांचा काय संबंध?”

भावोजींना राहवलं नाही. “अगं तारा! वाईट तारा!” ते ओरडले, आणि मिशीतला रंग फराटा मारत गालापर्यंत गेला. पण आता बांध फुटलाच होता. “डिस म्हणजे वाईट, अॅस्टर म्हणजे तारा. आधी इटालियन, मग फ्रेंच, तिथून इंग्रजीत आला हा शब्द. आकाशात ताऱ्यांची जागा चुकली की खाली अनर्थ ओढवतो, अशी समजूत होती त्या लोकांची. आपण नाही का म्हणत, ग्रह फिरले? अगदी तेच!”

“म्हणजे चूक ताऱ्यांची?”

“शब्दाच्या मुळाशी गेलीस, तर ताऱ्यांचीच.”

पार्लरवालीचा जीव भांड्यात पडला. भावोजींचा गाल पुसायचा सोडून तिने मोबाईल उचलला आणि उत्तर टाइप केलं: ‘प्रिय जलपरी, आभारी आहे. डिझास्टर म्हणजे वाईट तारा. जे झालं त्यात आमचा हात नसून ताऱ्यांचा होता, हे आपण मोठ्या मनाने मान्य केलंत.’ भावोजींनी दोन वेलांट्या सुधारल्या. उत्तर गेलं. गालावरचा फराटा मात्र तोवर पक्का झाला होता.

दुसऱ्या दिवशी भावोजी तो फराटा काढून घ्यायला आले. ती कापसाने गाल घासत होती, तोच दार धाडकन उघडलं. धिप्पाड बांध्याची एक बाई आत आली. गळ्यात शिट्टी, पायांत रबरी चपला, डोक्यावर घट्ट टोपी.

“मी जलपरी,” ती म्हणाली आणि टोपी ओढून काढली.

आत केस होते. तपकिरी केसांत मधूनमधून सोनेरी बटा काढल्याचं पार्लरवालीला आता लख्ख आठवलं. पण त्या सोनेरी बटा शेवाळासारख्या हिरव्यागार झाल्या होत्या.

“हा कुठला तारा म्हणायचा?” बाईने विचारलं. “मुलांना पोहायला शिकवते मी. मी पाण्यात उतरले की पोरं काठावरून डराव डराव करतात!”

भावोजींना हसू आलं. त्यांनी ते रंगवलेल्या मिशांखाली दाबलं.

“पण तुम्ही तलावात उतरता, हे सांगितलंत कुठे?” पार्लरवाली म्हणाली.

“तुम्ही विचारलंत कुठे?”

पार्लरवालीने बाईंच्या मागे जाऊन एक बट बोटांत धरली. ब्लीच केलेले केस आणि तलावाच्या पाण्यातली औषधं यांचं जमत नाही, हे तिला शिकतानाच सांगितलं होतं. त्या दिवशी दुपारी गर्दी होती, तिने घाई केली होती. भावोजींच्या शब्दाने काल किती बरं वाटलं होतं! आता हातात ती हिरवी बट होती, आणि तिच्यात कुठलाच तारा दिसत नव्हता.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “विचारायला हवं होतं. आणि ते उत्तरही लिहायला नको होतं. बसा, मी नीट करून देते.”

बाई भांडायच्या तयारीने आल्या होत्या. भांडण इतक्या पटकन मिटल्यामुळे त्यांची जरा पंचाईत झाली. त्या बसल्या.

“भावोजी, पळा. टोमॅटो सॉस आणा. मोठी बाटली.”

“भूक लागलीय?”

“केसांना लावायचाय! हिरवेपणा उतरतो त्याने.”

भावोजी बाटली घेऊन आले ते लेबल वाचतच. “गंमत माहितीये का, केचप हा शब्द मुळात...”

“भावोजी!” दोघी एकदमच ओरडल्या.

सॉस थापला. सगळ्या पार्लरला उपाहारगृहाचा वास सुटला. सॉसचा एक ओघळ बाईंच्या कपाळावरून नाकाकडे निघाला. भावोजी मदत करायला गेले आणि त्यांचेही दोन्ही हात लाल झाले. नेमक्या त्याच वेळी पुढच्या नंबरच्या आजी दार उघडून आत आल्या. त्यांना दिसलं ते असं: खुर्चीत मान टाकून पडलेली, डोकं लालभडक झालेली बाई, आणि तिच्यावर ओणवा झालेला, गालावर काळा फराटा असलेला, लाल हातांचा माणूस.

“अगं बाई, खून! खून!” म्हणत आजी आल्या पावली रस्त्यावर धावल्या.

खुर्चीतल्या मयताने उठून कचकचीत शिट्टी फुंकली. “थांबा! ओल्या फरशीवर धावायचं नाही!”

आजी जागच्या जागी थांबल्या. समोरचा सायकलवालाही थांबला. दारातून वळणारा पोस्टमन एक पाय उचलून तसाच उभा राहिला. मग आधी पोहण्याच्या बाईंना हसू फुटलं, त्यांचं बघून पार्लरवालीला, आणि शेवटी आजींनाही. आजी पायरीवर बसून डोळे पुसत म्हणाल्या, “माझ्या केसांना काहीही लावा, पण खायचं नको.”

सॉस धुतल्यावर हिरवा रंग बराचसा उतरला. उरलेल्यावर पार्लरवालीने तपकिरी छटा चढवली आणि टोपी घालण्याआधी केसांना तेल लावायला सांगितलं. बाईंनी आरशात पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

“तो अभिप्राय मी काढणार नाही,” त्या म्हणाल्या. “जे झालं ते झालंच होतं. पण खाली आणखी एक ओळ लिहीन: चूक कबूल करतात आणि दुरुस्तही करतात.”

“लिहा,” पार्लरवाली म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं.

तेव्हापासून खुर्चीत कुणीही बसलं, की ती पहिला प्रश्न विचारते, “तुम्ही पोहता का?” परवा एक गृहस्थ आले होते. डोक्यावर टक्कल, कानांवर मोजून चार केस. त्यांनाही तिने विचारलं. गृहस्थ खुर्चीत ताठ झाले. असं कुणी त्यांना कित्येक वर्षांत विचारलं नव्हतं.

“पोहता का म्हणजे काय?” ते म्हणाले. “नदी पार करायचो मी! तुमच्याकडे वेळ आहे ना?”

वेळ नव्हता. पण मग तिने कात्री बाजूला ठेवली, आणि मिशा रंगवायला आलेल्या भावोजींनी खुर्ची पुढे ओढली.