तिसरी टोच

नळीत आलेली ती गुलाबी रेघ रक्ताची होती की औषधाची, हे तेल्माला शपथेवर सांगता आलं नसतं. सिरिंजमधलं औषध लालभडक, जत्रेतल्या सरबतासारखं. दर थोड्या वेळाने दट्ट्या किंचित मागे ओढायचा, नळीत रक्त दिसलं की सुई शिरेतच आहे असं समजायचं आणि मग पुढे ढकलायचं, असं पुस्तकात लिहिलेलं होतं. ज्याने लिहिलं त्याने औषधाचा रंग बहुधा पाहिला नसावा. रेघ आली… सलाइनमध्ये मिसळून फिकी झाली… गेली. आली होती ना? आली होती. तेल्माने दट्ट्या पुन्हा पुढे ढकलला, मुंगीच्या चालीने, कारण या औषधाला घाई चालत नाही. पंधरा मिनिटं नर्सने स्टुलावर बसून, पेशंटचा हात हातात घेऊन, साखरपुड्याला बसल्यासारखं बसायचं असतं.

"दोना इदालिना, हात दुखत नाही ना?"

"नाही गं राणी. छान चाललंय."

खरं म्हणजे तेल्माचा अंगठा तिथेच थांबायला हवा होता.

कारण दोना इदालिनाला आजवर काहीही छान वाटलेलं नव्हतं. मातोझिन्योशच्या मासळीबाजारात अडतीस वर्षं तारल्या विकलेली बाई. पहिल्या दिवसापासून तिने इथल्या खुर्चीला, कॉफीला, डॉक्टरच्या दाढीला, एवढंच काय, खिडकीतून दिसणाऱ्या नदीलाही नावं ठेवली होती. "ही तुमची दोउरू? एवढं पाणी तर माझ्या पाटीतून ठिबकायचं." केस गळल्यावर कुणा दयाळू बाईने तिला विणलेली टोपी देऊ केली, तेव्हा तिने जी शिवी हासडली, ती शेजारच्या खुर्चीतल्या सेन्योर फिर्मिनोने — ट्राम चालवून निवृत्त झालेला सज्जन गृहस्थ — कागदाच्या रुमालावर उतरवून घेतली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत अशी ऐकली नव्हती, म्हणाला. आणि ट्रामचालक काय काय ऐकतो!

राणी. ती मला कधी राणी म्हणाली होती? 'पोरी' म्हणते, 'ए वाळलेले' म्हणते, रंगात आली की 'मांजरीने सोडलेलं काटं' म्हणते…

तेल्माला या वॉर्डात आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत ती बरंच काही शिकली होती: पंप ओरडायला लागला तर आधी पेशंटकडे बघायचं, मग पंपाकडे, जेवणाचा डबा उघडायचा नाही, कारण उघडला की कुणीतरी ओकतंच, आणि मेलेल्या माणसाची खुर्ची दुसऱ्या दिवशी कुणाला द्यायची असेल तर ती आधी जराशी हलवायची, म्हणजे तीच आहे असं वाटत नाही. पण यांतल्या कशानेही तिचं नाव झालं नव्हतं. नाव झालं होतं हातामुळे. तेल्माचा हात हलका. सुई गेल्याचं कळतसुद्धा नाही. सकाळी नंबर लागला की म्हातारे-म्हाताऱ्या सरळ सांगत, "आम्हाला ती बारकी द्या, हलक्या हाताची," आणि वीस वर्षांच्या अनुभवी नर्सबाया मान खाली घालून पट्ट्या कापत बसत. तेल्मा वरवर म्हणायची, छे हो, नशीब असतं. आत मात्र एक मांजर दूध प्यायचं.

त्यात तो ग्रुप. नर्सिंग कॉलेजच्या पाच मैत्रिणी, पाच देशांत पांगलेल्या — नोएमिया कॉर्कला, कुणी लियॉंला, कुणी झ्युरिकला, एक माल्टाला, आणि घरी राहिलेली एकटी तेल्मा. पाचहीजणी कॅन्सर वॉर्डात. याला योगायोग म्हणायचं की युरोपभर तिथेच जागा रिकाम्या होत्या म्हणायचं, ते ज्याने त्याने ठरवावं. पगार कुणाचा किती यावर बोलायचं नाही, असा अलिखित करार होता, तो तेल्माच्या सोयीसाठी. त्याऐवजी स्पर्धा होती ती शिरांची. पहिल्याच टोचणीत सलग किती? नोएमिया अकरावर घसरली होती. तेल्मा सत्तावीसवर. झ्युरिकच्या पगाराला पुरून उरेल असं तेवढं एकच तिच्याकडे होतं.

आणि आज सकाळी अठ्ठाविसावी होती दोना इदालिना.

उजव्या बाजूचा स्तन काढलेला, काखेतल्या गाठी काढलेल्या. त्या हाताला सुई लावायची नाही, म्हणजे नाही. राहिला डावा. डाव्या हाताने तीन वेळा हे लाल औषध पचवलेलं, आजची चौथी आणि शेवटची वेळ, आणि शिरा अशा झालेल्या की दाबलं तर दोरी, टोचलं तर पळ. छातीत कातडीखाली डबी बसवून घ्या, असं सगळ्यांनी सांगून झालं होतं. "मी काय लोणच्याची बरणी आहे का झाकण बसवायला?" संपलं.

पहिली टोच कोपराच्या खाली. शीर सरकली. पण ती… आत गेलीच कुठे होती नीट? कातडीला लागली आणि बाहेर आली, ती मोजायची कशी? मोजली नाही. दुसरी मनगटाच्या वर. रक्त आलं, फुगली, सोडावी लागली. इथे नियम असा की दोनदा चुकलं की उठायचं आणि दुसऱ्या कुणाला बोलवायचं. पण पहिली मोजलेलीच नव्हती. म्हणजे ही पहिली. म्हणजे अजून एक हक्काची. युरोपातल्या प्रत्येक वॉर्डात प्रत्येक पोरीने हा हिशेब एकदा तरी केलेला असतो, आणि तो प्रत्येकीला बरोबरच सुटतो. तिसरी तळहाताच्या मागे, अंगठ्याच्या मुळाशी, जिथे हे औषध देणं टाळा असं पुस्तकात जाड अक्षरात आहे. मिळाली. मिळाली असं वाटलं. दोना इदालिना तेव्हाही काही बोलली नव्हती. नुसती खिडकीबाहेर नदीकडे बघत होती, आणि नदीलाही काही म्हणाली नव्हती.

इदालिनाचा अंगठा हलला.

अगदी एवढासा. झोपेत कुत्र्याचं पिल्लू पाय झाडतं तेवढा. तेल्माने वर पाहिलं. बाईचा चेहरा शांत, ओठ मिटलेले, कपाळावर मात्र घामाची बारीक दाणेदार रांग; आणि खोलीत तर खिडकी उघडी, एप्रिलचा वारा. तेल्माने पुन्हा हाताकडे पाहिलं. लाली नाही. सूज… सूज म्हणावी तर आहे, नाही म्हणावी तर वयाची. अर्धी सिरिंज गेलेली. आता थांबले तर मुख्य नर्स कोन्स्तान्साला हाक मारावी लागेल. ती विचारेल कितवी टोच. नाही थांबले तर सात मिनिटांत संपेल, नळी काढायची, कापूस दाबायचा, 'झालं दोना इदालिना, सुटलात या लाल्यातून', आणि ती घरी. शिरेबाहेर गेलेलं हे औषध लगेच काही करत नाही, तेवढी सभ्यता त्याला आहे. आठ-दहा दिवसांनी करतं. कातडी काळी पडते, मग खालचं मांस. तोपर्यंत कुणी म्हणणार नाही की तेल्मामुळे. तोपर्यंत कुणाला काय आठवतंय… उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. राहिला डावा. बुळबुळीत मासा धरतो तो डावा हात. सुरी काय, कुणीही चालवेल, असं तिनेच सांगितलं होतं मागच्या खेपेला. "धरणारा हात गेला की कोळीण संपली, पोरी." सांव जुआंवच्या जत्रेला जूनमध्ये पुन्हा बाकड्यावर बसायचं म्हणून दिवस मोजत होती.

तेल्माचा अंगठा थांबला.

तिने थांबवला असं म्हणणं थोडं जास्त होईल.

"काय झालं गं?" इदालिना.

"खरं सांगा. जळजळतंय?"

"नाही."

"दोना इदालिना!"

"कशाला ओरडतेस? ओरडायचं काम माझं." मग बाईने आवाज खाली आणला. मासळीबाजारात या आवाजाला कुणी ओळखलंही नसतं. "मगापासून विस्तव ठेवल्यासारखं होतंय. पण तुझा नोकरीचा कागद जूनपर्यंतच आहे ना? त्या दिवशी तूच फिर्मिनोला सांगत होतीस, पुढे ठेवतात की नाही माहीत नाही म्हणून. म्हटलं, आता माझ्यापायी तुझ्या नावावर काही नको लागायला. थोडं सोसलं तर काय मोठं? मला दोन पोरं झालीत."

"पोरं होणं वेगळं!"

"तुला काय माहीत?" सेन्योर फिर्मिनो शेजारून म्हणाला, आणि लगेच वर्तमानपत्रात शिरला.

मग जे करायचं ते सगळं तेल्माने केलं, आणि बरोबर केलं. नंतर आठवताना तिला नवल वाटलं की हातांना सगळं पाठ होतं. सुई काढायची नाही, जागच्या जागी ठेवून येईल तेवढं मागे ओढून घ्यायचं. पेनने त्या जागेची कडा आखायची. बर्फाची पिशवी. हाक मारायची. हाक मारताना आवाज चिरकला एवढंच पुस्तकात नव्हतं.

कोन्स्तान्सा आली. तीस वर्षं नोकरी, गुडघे गेलेले, चष्मा गळ्यात. तिने हात पाहिला, आखलेली कडा पाहिली, तेल्माला पाहिलं नाही. डॉक्टरही आला, दाढीसकट. दाबून पाहिलं, हं म्हणाला. शिरेबाहेर गेलं असेल तर फार नसेल. दिवसातून चार वेळा हे दुसरं औषध कातडीवर लावायचं, थंड ठेवायचं, उद्या फोन करून विचारायचं, परवा बोलावून बघायचं. काळं पडलं तर? तर पडेल, म्हणाला. डॉक्टर लोक हे वाक्य फार सुंदर म्हणतात.

दुपारी, न उघडलेल्या डब्यासमोर, कोन्स्तान्साने झाल्या प्रकाराचा फॉर्म पुढे सरकवला.

"किती वेळा टोचलंस?"

तेल्माने पेन उचललं.

"दोन, ना? दोनच असणार."

"पहिली आत गेली नव्हती नीट…"

"मग झालं तर. आत गेली नाही ती टोच कसली? आमच्या वेळी तर पहिली मोजतच नसत. माणसाला, सुईला एकमेकांची ओळख तर व्हायला हवी!" आणि कोन्स्तान्सा हसली. चांगली बाई होती. चांगलीच होती ती. पोरींची तूट होती, एक जास्त गेली असती तर पाळ्या कशा लावायच्या हाही प्रश्न होता, आणि त्यातून ती खरंच चांगली होती. तेल्माला वाटलं, आज सकाळपासून सगळे किती चांगले वागतायत माझ्याशी. बाईने हात भाजून घेतला पण बोलली नाही. हिने वाट काढून दिली. आणि मी… मी तर सकाळीच काढली होती तीच वाट, शब्दाला शब्द. म्हणजे तीस वर्षांनी मी हीच होईन. चष्मा गळ्यात, आणि समोर एखादी बारकी.

'तीन' असं तिने लिहिलं. मग रकान्यात आकडा हवा होता म्हणून खोडून ३ लिहिलं. खाडाखोडीमुळे उगीच नाटकी दिसत होतं.

कोन्स्तान्साने चष्मा लावून पाहिलं. "तीन," ती म्हणाली. चष्मा पुन्हा गळ्यात सोडला. "बरं. डबा खा."

खाल्ला नाही. फोन पाहिला, नोएमियाने विचारलं होतं, अठ्ठावीस? तिने उत्तर लिहिलं, 'चुकले. तिसऱ्यावर. आणि ती पण बहुतेक चुकली.' मग कॉर्कहून आलं, 'माझं मार्चमध्ये. सांगितलं नव्हतं.' मग झ्युरिकहून, 'माझं दोनदा.' तेल्माला हलकं वाटायला हवं होतं. तिला वाटलं, म्हणजे आम्ही पाचहीजणी इतके दिवस आकडे टाकत होतो ते कसले…

पाच वाजता दोना इदालिना निघाली. हात गळ्यात बांधलेला, खालून पुतण्याची गाडी वाजत होती. तेल्मा दारापर्यंत गेली. वाटलं, आता तरी. आता तरी काहीतरी बोलेल, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. मांजरीने सोडलेलं काटं, आंधळी, शिकवलं कुणी तुला. तेल्मा खांदे आवळून उभी राहिली.

"येते हं पोरी. फार केलंस माझ्यासाठी," बाई म्हणाली, आणि जिना उतरली.

बसथांब्यावर ऊन होतं. समोरच्या बेकरीतून ताज्या पावाचा वास येत होता आणि भूक लागल्याचं पोटाने सांगितलं; जुनी नोकर माणसं निरोप देतात तसं, घाई न करता. तेल्मा उद्याच्या फोनचा विचार करत होती. दहा वाजता. छापील प्रश्न तीन: दुखतंय का, लाल झालंय का, बोटं हलतात का. आणि दोना इदालिना तिन्हींची उत्तरं देणार, राणी म्हणून. कागदाचं पुढे काय होतं ते जूनमध्ये कळेल, त्याचा विचार तिने करून पाहिला, तर तो आलाच नाही. आला तो बाईचा खाली आणलेला, गोड आवाज. लहानपणापासून तेल्मा सगळ्यांना आवडत आली होती. मास्तरांना, शेजाऱ्यांना, पाद्र्याला, रांगेतल्या म्हाताऱ्यांना. त्यासाठी तिला कधी काही करावं लागलं नव्हतं, आणि नावडतं कसं व्हायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. सात-आठ मिनिटं तिचा हात माझ्या हातात होता, आणि ती मला घाबरत होती — मला नाही, माझं काही बिघडेल म्हणून — आणि ते एकच झालं की… बस आली. ती चढली नाही. पुढचीही येईल. ती उभ्याउभ्या मनातल्या मनात फोन लावत होती, पलीकडे घंटा वाजत होती, आणि तिला एवढंच हवं होतं की उचलल्या उचलल्या त्या बाईने आपल्याला सणसणीत शिवी घालावी. गोड आवाज आला तर काय करायचं, हे तिला अजून सुचलं नव्हतं.