फोटोसाठी डावीकडे आणलेलं चाक

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. जुना म्हणजे वयाने नव्हे, माराने. शिरवणे गावातल्या एका अंगणात शेवग्याच्या फांदीला मला दोरीने टांगलं आहे. माझी एक कूस पार फाटली आहे आणि आतल्या तारा बाहेर आल्या आहेत. लहान मुलं मला हात लावायला घाबरतात. ते बरंच आहे.

माझा जन्मच मुळी मारहाणीत झाला. रबर तुडवलं, तारांवर लाटलं, तापलेल्या साच्यात कोंबून दाबलं, तेव्हा कुठे मी गोल झालो. आम्ही चौघं भावंडं एका नव्या कोऱ्या गाडीला लागलो. गाडी अर्धी विजेवर, अर्धी पेट्रोलवर चालणारी. पोटात मोठी बॅटरी, म्हणून अंगाने जड. त्या बॅटरीने जागा खाल्ली, म्हणून स्टेपनी नाही. तिच्याऐवजी हवा भरायचा एक चिमुकला पंप. आमच्या प्रत्येकाच्या पोटात हवा मोजणारं यंत्र होतं आणि समोरच्या पडद्यावर चौघांचे आकडे दिसत.

मालकाचं नाव धर्मराज. बांधकामांना रेती-खडी पुरवायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा हात तोंडाच्या आधी चालायचा. त्याच अंगणाच्या पलीकडे धाकटा भाऊ कुंदन राहायचा, गावाच्या क्रिकेट टीमचा फास्ट बोलर. टेनिस बॉलने असा यॉर्कर टाकायचा की खारघरपर्यंतच्या टीमा त्याला वचकून असत.

दसऱ्याला दोघं भाऊ हसतखेळत गाडी धुवायला बसले. डावीकडच्या चाकांच्या रिमा खरचटलेल्या होत्या, कारण धर्मराजची बायको सुचिता गाडी लावताना ओट्याला घासायची. पूजेला उजवी बाजू भिंतीकडे येणार, म्हणजे फोटो डावीकडूनच निघणार. मग काय, धर्मराजने जॅक लावला, कुंदनने पाना फिरवला आणि उजवीकडची चांगली चाकं डावीकडे आली. मी मागे उजवीकडे होतो, तो पुढे डावीकडे आलो. माझा खरचटलेला भाऊ माझ्या जागी गेला. आम्हाला झेंडूच्या माळा पडल्या, खाली लिंबू चिरडलं, फोटो झकास आला. पडद्याला मात्र कोणी काही सांगितलं नाही. त्याच्या लेखी आम्ही जुन्याच जागी होतो!

पुढे नावड्याच्या एका साइटवर माझ्या त्या मागच्या भावाला खिळा लागला. तो हळूहळू रिता होऊ लागला. पडद्यावर हवा कमी असल्याचा तांबडा आकडा उमटला, पण पुढच्या डाव्या चाकावर. म्हणजे माझ्यावर.

धर्मराज संध्याकाळी, गाडी बंद असताना, चार्जिंगला लावायचा आणि माझ्यात हवा भरायचा. सकाळी गाडी सुरू केली की पडद्यावर तांबडा आकडा हजर. पंपाचा काटा बिचारा सांगत होता, की हे चाक भरलेलं आहे. धर्मराज त्यालाच शिव्या घालायचा.

"ह्यो खेळना काय सांगनार? येवढी म्हागाची गाडी खोटं बोलंल काय?"

आणि तो आणखी हवा कोंबायचा. माझं अंग फुगून दगड झालं. मागच्या उजव्या चाकाचा आकडा, म्हणजे खरा माझा, वाढत चालला होता, पण तो पांढरा होता. पांढऱ्याकडे कोण बघतो?

तेवढ्यात आगीत तेल पडलं. चार्जिंगची वायर अंगणात आडवी असायची. सकाळी सरावात धावत येताना कुंदन तिच्यात अडकून तोंडावर आपटला. त्याने रागाने प्लग उपटून फेकला. दोघांची जुंपली, आया-बहिणी निघाल्या. तेव्हापासून धर्मराजच्या डोक्यात एकच भुंगा, की हवा हाच सोडतो.

त्या शनिवारी सकाळी कुंदनचा चेंडू गाडीखाली गेला. दुसऱ्या दिवशी फायनल होती. तो माझ्याजवळ उकिडवा बसला आणि त्याने आत हात घातला. मागून धर्मराज आला. हातात तोच दसऱ्याचा पाना.

"आज गावलास! रोज हवा सोडतोस काय?"

"दादा, बॉल हाय रं—"

कुंदनने मूठ दाखवायला हात वर केला. पाना त्याच मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, मित्रांनो. दुसरा घाव कपाळावर. रक्त माझ्या अंगावर उडालं. चेंडू सुटून घरंगळत गेला, तरी धर्मराजला तो दिसला नाही. तो लाथा घालतच राहिला. मी ओरडू शकत नव्हतो, याची लाज आजही वाटते.

त्यांची आई यशोदाबाई धावत आली आणि मध्ये पडली. एक लाथ तिलाही बसली, तेव्हा तो थांबला.

"गाडी काढ," ती म्हणाली. "भाव हाय तुजा."

ती मागे बसली, कुंदन पुढे डावीकडे, मोडका हात मांडीवर घेऊन. धर्मराजने हायवेवर गाडी पिटाळली. पडदा लालच होता. उड्डाणपुलाच्या लोखंडी सांध्यावर मी आपटलो आणि माझ्यात कोंबलेली सगळी हवा एका दणक्यात बाहेर पडली. मी फुटलो. गाडी डावीकडे ओढली गेली, कठड्याला घासून ठिणग्या उडाल्या, आणि कुंदनचं तेच मनगट पुन्हा दारावर आदळलं. त्याची किंकाळी मी अजून विसरलेलो नाही.

गाडी थांबली. पडद्यावर मागचं उजवं चाक शून्य दाखवत होतं. पुढच्या डाव्याचा तांबडा आकडा जशाचा तसा.

"फुटला पुढचा," कुंदन कण्हत म्हणाला. "आनि दाखवतंय मागचा. दसऱ्याला चाकं आपनच बदलली ना?"

धर्मराज उतरला. आधी त्याने माझ्या चिंध्यांकडे बघितलं, मग मागे गेला आणि माझ्या भावावरून हात फिरवला. खिळ्याचं डोकं बोटाला लागलं.

"आता कोनाला मारशील?" कुंदनने आतून विचारलं.

मनगट वाकडंच जुळलं. उजव्या हाताची बोलिंग कायमची संपली. धर्मराजने मला भंगारात न देता इथे टांगलं, कुंदनला डाव्या हाताने नेम धरायला. चेंडू माझ्यामधून आरपार जायला हवा. बहुतेक वेळा तो माझ्या थोबाडावर बसतो. धर्मराज चेंडू आणून देतो. कित्येक महिने दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

परवा चेंडू पुन्हा गाडीखाली गेला. धर्मराज चाकाजवळ वाकला. पाना बाजूलाच पडला होता. कुंदन त्याच्या मागे येऊन उभा राहिला. धर्मराजने ते ओळखलं, मान आखडून घेतली, पण उठला नाही, वळलाही नाही. मार खायला तयार असलेला माणूस मी पहिल्यांदा बघितला.

"मिळाला काय, दादा?" कुंदनने विचारलं.

म्हणून सांगतो, मित्रांनो, पडद्यावरचा आकडा कितीही लाल होऊ दे. माणसावर हात टाकण्याआधी एकदा चाकाला हात लावून बघा.