रोडपालीची किशोरी

मासळीच्या धंद्यात दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात. भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नसतं. घासाघीस झाली तरी विकणारी दोन पावलं मागे येते, पण त्याला सोडत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी शहरातल्या लाइन आळीतली, मासे खायला पुढे आणि विकत आणायला मागे.

माझं नाव कीर्ती आणि माझं काम चुका काढायचं. आई म्हणते, ते मी पाळण्यापासून करते, पण त्याचा पगार मिळतो हे तिला कधी पटलं नाही. तेव्हा तर पगारही नव्हता, कारण चांगली नोकरी सोडून मी कॉलेजातल्या मित्राबरोबर धंद्यात उतरले होते. बाबांच्या बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या खोलीत दोन लॅपटॉप मांडून आम्ही ‘वाटा’ नावाचं अ‍ॅप बनवत होतो. कुंदन प्रोग्रॅम लिहायचा आणि मी त्यात खोट काढायची. भांडणं दोघांनी मिळून करायची.

कुंदन करंजा गावचा कोळी. वडील बंदरात कामाला. आई, म्हणजे शांतीमावशी, रोज पहाटे टेम्पोने मासळी घेऊन नवी मुंबईतल्या रोडपालीच्या नाक्यावर येऊन बसायच्या. कुंदनचं म्हणणं होतं, बिल्डिंगीतल्या बायकांनी घरबसल्या ऑर्डर द्यावी, मावशींनी मासळीचे वाटे बांधावेत आणि कुणीतरी ते पोचवावेत. असं काही बनवायचं तर आधी सगळा डोलारा उभा करायचा नसतो. चालेल इतपतच करायचं आणि खऱ्या माणसांच्या हातात देऊन बघायचं. त्याला धंद्यात एमव्हीपी म्हणतात. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण तसं म्हटलं तर पैसे लावणारे येत नाहीत.

आमचं शीत म्हणजे शांतीमावशी. त्यांना वाचता येत नाही, म्हणून आम्ही एका जुन्या फोनला बोलायला शिकवलं. ऑर्डर आली की फोन मोठ्याने गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता आणि मासळी सांगायचा, मावशी वाटा बांधायच्या आणि कुंदन स्कूटरवरून पोचवायचा. पाठीमागचं निम्मं काम आम्ही हातानेच करत होतो. पहिलं रूप असंच असतं, वर फेटा आणि खाली फाटका सदरा.

सकाळी खरी गिऱ्हाइकं येण्याआधी सगळं चालू आहे का ते बघायला मला एक खोटं गिऱ्हाईक हवं होतं. “नाव सांग पटकन,” मी कुंदनला म्हटलं.

“किशोरी लिही,” तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. “रोडपाली. मांदेली, एक वाटा.”

बिल्डिंगीचं नाव मी मनाने घातलं. सागरछाया. नवी मुंबईत दर चौथ्या इमारतीला सागराची सावली असतेच, तर आणखी एक असायला काय हरकत होती.

पहिल्या सकाळी मी मुद्दाम मावशींच्या शेजारी उभी राहिले. फोन त्याच्या सपाट आवाजात बोलला, “किशोरी. सागरछाया, रोडपाली. मांदेली, एक वाटा.” मावशींचा हात बर्फावरच थांबला. त्यांनी कुंदनकडे पाहिलं. तो स्कूटरला काहीतरी करत होता. मग त्यांनी पदराला हात पुसला, फोन उचलून कपाळाला लावला आणि मांदेलीचा वाटा बांधायला घेतला.

ऑर्डर खोटी आहे, वाटा बांधायचा नाही, हे त्यांना कुंदनने सांगायचं ठरलं होतं. ते न सांगताच त्याने पिशवी घेतली, कोपऱ्यावरून वळला आणि मी मागोमाग गेले तेव्हा ती माझ्या हातात दिली. ऑफिसात येऊन उघडली तर मांदेलीबरोबर मूठभर कोलंबी. मी लगेच चूक नोंदवली: ऑर्डरपेक्षा माल जास्त. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बाकी कुठल्या पिशवीत असं होत नव्हतं.

“तुझ्या आईचा हात सैल आहे,” मी म्हटलं. “हिशेब जुळणार नाही.”

“राहू दे,” कुंदन म्हणाला.

राहू दे तर राहू दे. टायपिंग क्लासच्या खोलीत आम्ही शेगडी ठेवली होती. मी मांदेली कुरकुरीत तळायचे, कोलंबी लसणावर परतायचे आणि बोटं चाटून खायचे. कुंदन घरून आणलेली भाजी-पोळी खायचा. कोळ्याचा मुलगा आणि मांदेलीला तोंड लावत नाही, म्हणून मी त्याची भरपूर थट्टा केली. तोही हसायचा.

किशोरी कोण हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं, तेही भांडणातून. फुकट वाटे जातात, आईला खरं का सांगत नाहीस, म्हणून मी त्याच्यावर तोंडसुख घेत होते. त्याने लॅपटॉप मिटला.

“माझी बहीण होती,” तो म्हणाला. “धाकटी.”

आमची शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू असताना किशोरीला कावीळ झाली होती. आज बरी होईल, उद्या होईल, करता करता ती गेली. त्याला कळवू नका, पेपर बुडतील, असं मावशींनीच सगळ्यांना बजावलं. शेवटचा पेपर देऊन, मित्रांबरोबर पिक्चर बघून कुंदन घरी गेला, तेव्हा भिंतीवर तिचा फोटो होता आणि फोटोला हार होता. त्या पिक्चरला मीही होते.

“मी आयेला काहीच बोललो नाही,” तो म्हणाला. “तीही बोलली नाही. मग ते राहूनच गेलं. तू नाव विचारलंस आणि तोंडातून तेच आलं.”

“सांग तिला,” मी म्हटलं. “आज सांग. रोज तिच्या कानावर हे पडतंय, कुंदन.”

“लाँच झालं की सांगतो.”

मला त्याचा राग आला. दुसऱ्या सकाळी खोटी ऑर्डर पाठवायची नाही असं ठरवून मी फोन घेऊन रोजच्या कोपऱ्याशी उभी राहिले. रोजची वेळ झाली, आणि मावशी बर्फाच्या पेटीवर हात ठेवून फोनकडे बघत असतील असं वाटलं. मी बटण दाबलं. पुढे रोज दाबत राहिले. कोलंबी मात्र आता तेवढी चवीने उतरत नव्हती, पण टाकवतही नव्हती.

आमचं शीत शिजलं होतं. बायका ऑर्डरी देत होत्या, परत परत देत होत्या. प्रितेश नावाचा एक जण पैसे लावायला तयार झाला. माणूस वाईट नव्हता, उलट शिस्तीचा होता. त्याच्या लोकांनी अ‍ॅपचं नवं रूप करायला घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. खोटी गिऱ्हाइकं सगळी काढा. आणि भर रस्त्यात बायकांची नावं-पत्ते फोनवरून ओरडून सांगू नका, नुसता ऑर्डरचा नंबर सांगा. दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. दुसरी चूक तर मीच कधीच काढायला हवी होती.

किशोरीचं नाव काढायचं काम माझ्याकडे आलं. “आधी आईशी बोल,” मी कुंदनला म्हटलं, “मग मी काढते.” तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, आज बोलतो. सोमवारी प्रितेश रोडपालीला येऊन सगळं डोळ्यांनी बघणार होता. रविवारी संध्याकाळपर्यंत कुंदन बोलला नव्हता. मी नाव काढून टाकलं. काढू का, असं मशीनने एकदा विचारलं, ते नेहमीच विचारतं.

सोमवारी सकाळी मावशींसमोर नवा कोरा फोन होता. प्रितेश हात मागे बांधून उभा होता. वेळ झाली आणि फोन बोलला, “ऑर्डर एक. सुरमई, चार तुकडे.”

मावशी हलल्या नाहीत. थोड्या वेळाने ऑर्डर दोन आली, मग तीन. समोर दोन बायका पिशव्या घेऊन ताटकळत उभ्या होत्या. त्यांनाही मावशींनी हाताने थांबवलं.

“आये, लोक थांबलेत,” कुंदन म्हणाला.

“भवानी व्हायची हाय.”

“ऑर्डर आली ना. सुरमई सांगितली.”

“किशोरीची नाय आली.”

प्रितेश माझ्याकडे वळला. “किशोरी कोण? रेग्युलर कस्टमर आहे का?”

“होती,” मी म्हटलं.

कुंदन आईसमोर उकिडवा बसला. बर्फाचं पाणी त्याच्या पायाखालून वाहत होतं. “आये,” तो खाली बघत म्हणाला, “रोडपालीन कोनी किशोरी नाय ऱ्हात. ती ऑर्डर आमीच टाकत व्हतो. टेस्टिंगला.”

“मना माहीत हाय.”

त्याने वर पाहिलं.

“पयल्याच आठवड्यान मी जाऊन आले,” मावशी म्हणाल्या. “ती बिल्डिंग सोधली. वाचमन बोलला, सागरछाया इकडं नाय हाय.”

“मग बोलली का नाय मना?”

“बोलले असते तर तू बंद केलं असतंस.” त्यांनी जुना फोन पदराखालून काढला. तो आता बंद होता, तरी त्यांनी तो सोबत आणला होता. “घरान तिचं नाव कोन घेतं? तुझा बा नाय घेत. मी घेतलं तर तू जेवनावरून उठून जातंस. हा डबा रोज सकाली घेत व्हता. मना तेवडं बस व्हतं.”

मला रडू आवरेना. मी प्रितेशकडे पाठ करून उभी राहिले. पिशव्यावाल्या बायकांपैकी एक पुढे येऊन काही विचारणार होती, दुसरीने तिचा हात धरला.

कुंदनने आईच्या हातातला बंद फोन घेतला.  मग फोन जसं सांगायचा तसंच तो म्हणाला, “किशोरी.” इतक्या वर्षांत त्याने ते नाव आईसमोर प्रथमच घेतलं होतं. तो थांबला नाही. “रोडपाली. मांदेली, एक वाटा.”

मावशींनी डोळे मिटून ते ऐकलं. हात मांदेलीच्या वाट्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

“मांदेली तिला कवा आवडत व्हती रे?” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “मांदेली तुना आवडते. तिच्या ताटातली पन तूच उचलून खायचास. तिला काटं लागायचं, म्हनून ती कोलंबी मागायची. इसरलास तू.”

  बहिणीच्या नावावर कुंदन रोज स्वतःच्या आवडीचं मागवत होता आणि त्याला तोंडही लावत नव्हता, आणि आई ते मुकाट्याने बांधून त्याच्या बाजूला रोज मूठभर खरं ठेवत होती. ते मी चूक म्हणून नोंदवलं होतं. आणि लसणावर परतून खाल्लंही होतं.

मावशींनी मांदेली जागच्या जागी ठेवली. कोलंबीची एक मूठ उचलली, निवडून दोन लहान बाजूला काढल्या, त्यांच्या जागी दोन मोठ्या घातल्या. पिशवीला गाठ मारली आणि कपाळाला लावून कुंदनपुढे धरली.

“पोचव,” त्या म्हणाल्या, आणि सुरमई कापायला घेतली.

तो पिशवी घेऊन उठला. स्कूटरच्या हुकाला ती नीट अडकवली, किल्ली लावली, गाडी चालू केली. प्रितेशने घड्याळात बघून काहीतरी टिपून घेतलं. कोपऱ्यावर जाऊन कुंदन थांबला, रोज जिथे मी पिशवी घ्यायला उभी असायचे तिथे, आणि पाय टेकवून तसाच बसून राहिला. तिथून पुढे कुठे जायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.