धुक्यातली धूळ

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढा, एकेकाळी पांढराशुभ्र आणि आता कडांना पिवळा पडलेला मी एक जुना डबा आहे. हवेतली धूळ मोजणं हे माझं काम होतं. माझ्या पोटात एक चिमुकला पंखा आहे. तो हवा आत ओढतो. आत प्रकाशाचा एक बारीक किरण आहे. धुळीचा कण त्यातून गेला की चमकतो आणि मी तो मोजतो. देवाने माणसाला श्वास दिला आणि माणसाने मला. केवढं मोठं देणं! पण माझी किंमत मात्र अगदीच किरकोळ.

स्वस्त वस्तूवर कोण पटकन विश्वास ठेवणार? म्हणून उघड्यावर माझी परीक्षा घ्यायचं ठरलं. एका कचेरीच्या गच्चीवर, एका महागड्या थोरल्या यंत्राशेजारी मला आणि माझ्या भावंडांना जाळीच्या पिंजऱ्यात बसवलं. आमची परीक्षक होती एक तंत्रज्ञ ताई. सकाळी ती वर येई, आमच्या तोंडावरची कोळिष्टकं मऊ ब्रशने झाडी आणि थोरल्याच्या आकड्याशी आमचा आकडा ताडून बघे.

त्याच वेळी तिच्या वडिलांचा फोन येई. त्यांना जुना दमा होता. सकाळचं फिरणं हा त्यांचा एकुलता एक विरंगुळा, पण हवा बिघडलेली असली की त्यांची छाती भरून येई.

"काय गं, आज सोडतेस का मला?"

"आज नको, बाबा. आकडा चढलाय."

"कुणाचा? थोरल्याचा की तुझ्या त्या डबड्याचा?"

कोरड्या दिवसांत आमचं नि थोरल्याचं छान जुळे. "शाबास रे डबड्या!" ताई म्हणे, आणि माझा पंखा कसा भरभर फिरे! पण दमट सकाळी सगळं बिनसे. थोरला हवा आधी गरम करून सुकवतो, मगच मोजतो. आमची कुठली एवढी ऐपत? धुक्याचे थेंबही आम्हाला धुळीसारखेच चमकताना दिसत आणि आकडा उगीचच आभाळाला भिडे.

"अगं, चष्मा कर त्याला," वडील हसत. "पाण्याला धूळ म्हणतंय येडं!"

मग ताईने एक नियम बसवला. हवेत ओल फार असली की आमच्या आकड्यातून बराचसा भाग वजा करायचा. कितीतरी धुकट सकाळी हा नियम खरा ठरला. म्हणूनच तर घात झाला.

त्या सकाळी धुकं दाट होतं आणि थोरला दुरुस्तीसाठी बंद होता. आम्ही सगळी भावंडं एका सुरात ओरडत होतो. पण धुक्यात आम्ही नेहमीच एका सुरात चुकत असू ना! ताईने नियमाप्रमाणे वजाबाकी केली. उरलेला आकडा गरीब दिसत होता.

"जा, बाबा. नुसतं धुकं आहे."

"घसा जरा खवखवतोय गं."

"थंडीने असेल. मफलर गुंडाळा."

गोदामांच्या मागे कचऱ्याचा ढीग धुमसत होता. त्याचा धूर धुक्याच्या पोटात शिरून गावभर पसरला होता. ओल्याबरोबर सुकंही वजा झालं, मित्रांनो.

रस्त्याच्या कडेला वडील भिंतीला धरून खाली बसले. लोकांनी त्यांना दवाखान्यात नेलं. ते परत आले, पण नाकाला नळी घेऊन. आता त्यांची चाल पलंगापासून खिडकीपर्यंतच.

पुन्हा फोन आला, तेव्हा ताई पिंजऱ्यापाशीच उभी होती. ती रडत म्हणाली, "फेकूनच देते हा डबा!"

पलीकडून धाप ऐकू आली. मग वडील म्हणाले, "त्याला कशाला बोलतेस, पोरी? तो बिचारा ओरडत होता. आपणच त्याची समजूत घातली."

पुढे आम्हाला 'दमट हवेत बेभरवशाचे' ठरवून खाली आणलं. मी एका कपाटात पडून आहे. पंखा थांबला आहे. आत येते ती हवा मी मोजत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखं स्वस्त यंत्र जरूर घरी आणा. उन्हात, थंडीत, ओलीत त्याला तपासा, त्याची खोड ओळखा. पण खोड ठाऊक झाली म्हणून त्याचं प्रत्येक ओरडणं खोटं मानू नका. ते ओरडेल त्या सकाळी आधी खिडकी उघडा, हवेचा वास घ्या आणि मगच आपल्या माणसाला 'जा' म्हणा.