शपथविधीच्या दिवशी परसात

त्या मंगळवारी मापुलेच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मामेलोडी या आमच्या काळ्यांच्या वस्तीतल्या त्या गल्लीत टीव्ही एकट्या तिच्याकडे, आणि जवळच प्रिटोरियात देशाचा पहिला काळा राष्ट्राध्यक्ष शपथ घेणार होता.

परसातल्या पत्र्याच्या खोलीत तिचा भाडेकरू झकारियास राहायचा. मोझांबिकमधल्या युद्धातून जीव वाचवून आलेला गवंडी. तो दारात येऊन उभा राहिला.

"ताई, मी खाली बसतो. कोपऱ्यात."

"खिडकीतून बघ की," मापुले म्हणाली. "आज आमच्या घरचं कार्य आहे. तुमचा राष्ट्राध्यक्ष होईल तेव्हा तुमच्याकडे करा गर्दी."

सगळे हसले. मापुलेने त्याचा चहा बाहेरच दिला, परसातल्या नळापाशी टांगलेल्या त्याच्या वेगळ्या पत्र्याच्या मगात. ही रीत ती प्रिटोरियात शिकली होती. तिथे गोऱ्या मॅडमच्या घरी कामाला जायची, आणि तिथे तिचा मगही वेगळाच असायचा.

"येऊ दे त्याला आत," मापुलेचे मामा लेसिबा म्हणाले.

"मामा, एकाला आत घेतलं की दहा येतात. मग आपल्या पोरांना कामं कुठून मिळायची?"

"तुझी मॅडम आपल्याबद्दल हेच म्हणते ना?"

मापुलेने टीव्हीचा आवाज वाढवला.

खिडकीला गल्लीतली पोरं लटकली होती. झकारियासला त्यांच्या पाठीच दिसत होत्या. आत शपथ झाली. बायका रडल्या, मापुलेही रडली. थोड्या वेळाने लष्कराची विमानं नव्या राष्ट्राध्यक्षांना सलामी देऊन आमच्याही डोक्यांवरून गेली. गोऱ्यांच्या लष्कराने आपल्या माणसाला सलाम केला! सगळे नाचत बाहेर धावले.

झकारियास मात्र नळाजवळच्या चिखलात पालथा पडला होता, दोन्ही हातांनी डोकं झाकून.

मापुलेला हसू आवरेना. "अरे ऊठ, आपलीच विमानं आहेत."

"आजपासून आपली," मामा म्हणाले. "याच लष्कराच्या विमानांनी त्याच्या वस्तीवर बॉम्ब टाकले होते. का? तर गोऱ्यांच्या सरकारशी लढणारी आपली मुलं तिथे लपली होती. माझा मुलगा मोगाले तिथेच होता, मापुले. त्या लोकांनी त्याला घरात घेतलं, आपल्या ताटातलं खाऊ घातलं. शेवटी मातीही त्यांनीच दिली. मला तिथवर जाता आलं नाही."

मापुलेचा चेहरा उतरला. तिने झकारियासला हाताला धरून उठवलं, आपल्या डोक्यावरच्या रुमालाने त्याच्या तोंडावरचा चिखल पुसला आणि त्याला आत नेऊन मामांशेजारच्या खुर्चीत बसवलं. पाहुण्यांच्या कपात चहा दिला. टीव्हीवर नाचगाणी चालू होती.

"ताई, शपथ कधी आहे?"

"झाली," मापुले म्हणाली.

त्याने मान डोलावली आणि चहा पिऊन तो आपल्या खोलीत गेला. संध्याकाळी बातम्यांत शपथ पुन्हा दाखवली तेव्हा मापुले त्याला बोलवायला मागे गेली. दार बंद होतं.

"तुम्ही बघा, ताई," तो आतूनच म्हणाला.

बंधुभगिनींनो, तो दिवस फार मोठा होता. शतकांचा अन्याय सोसलेल्या लोकांनी त्या दिवशी आपला माणूस खुर्चीवर बसवला. पण आपल्यावरचा अन्याय थांबला म्हणजे अन्याय संपला, असं होत नाही. आपल्या हातून दुसऱ्यावर होणारा अन्यायही थांबवावा लागतो, आणि तो वेळेवर थांबवावा लागतो. मापुलेने त्या दिवसापासून कुणालाही परसात चहा दिला नाही. झकारियास मात्र तिच्या घरात टीव्ही बघायला पुन्हा कधीच आला नाही.