दुसऱ्या भागातली मुलगी

सुधाकररावांनी भर दुपारी खिडकीचा पडदा ओढला आणि चष्मा काढून हातात धरला. तोंडाला गोणपाट बांधलेला खुनी जिन्यावर आला की चष्मा नसलेला बरा, हे त्यांनी मघाशीच ठरवलं होतं.

सिनेमा परदेशी होता, आणि तोही दुसरा भाग. पहिला त्यांनी पाहिला नव्हता, पाहिलाही नसता. पण प्राजक्ताने मुंबईहून ब्लू-रे डिस्क पाठवली होती. परदेशी सिनेमांना हिंदी आवाज देणं हे तिचं काम.

"निळ्या स्वेटरवाली मी," ती फोनवर म्हणाली होती. "लवकरच मरते. नाही बघितलंत तरी चालेल, बाबा."

नंतर तिने विचारलं नाही. दर रविवारी फोन यायचा तो ठरलेलाच. जेवलीस का? हो. तुम्ही? हो. गोळ्या घेतल्या? घेतल्या. मग दोघेही थोडा वेळ फोन धरून राहत आणि तिकडून "ठेवते" यायचं. तिची आई मंगला होती तोवर फोन मंगलाच्याच हातात असे. सुधाकरराव मागे खुर्चीत पुस्तक घेऊन बसत आणि ऐकत. आता ऐकायला काही उरलं नव्हतं. म्हणून ते भेस्तानच्या बाजारात जाऊन डिस्क लावायचं यंत्र घेऊन आले.

"काका, हवे आ कोण जुए छे?" गुजराती दुकानदार हसला होता. आता कोण बघतं हे? सुधाकरराव ओशाळून म्हणाले, "घरात बघतात."

सकाळी त्यांनी सिनेमा लावला, निळा स्वेटर शोधला आणि कान देऊन बसले. मुलगी बोलली, किंचाळली, मेली. आवाज मात्र कुणा तिऱ्हाइताचाच. आपल्याला पोटच्या मुलीचा आवाज ओळखू येईना, या विचाराने ते खुन्यापेक्षा जास्त घाबरले. पाणी पिऊन आल्यावर कुठे लक्षात आलं, की ती सगळी इंग्रजी बोलत होती. मग रिमोटशी खटपट करून त्यांनी भाषा बदलली.

आणि आता घरात प्राजक्ता बोलत होती.

ती मैत्रिणीला चिडवत होती, मित्राशी खोटं बोलत होती, भांडत होती, नाकातून हसत होती. इतकं ती त्यांच्यासमोर कधी बोललीच नव्हती. चित्र असं लख्ख, की परक्या चेहऱ्यावरची बारीक लव दिसावी, आणि कोयता अजून लांब असतानाच कॉलरला आधीच फासून ठेवलेला लाल रंगसुद्धा. सुधाकरराव मात्र डोळे मिटून ऐकत होते.

"कोई है?" प्राजक्ता अंधाऱ्या खोलीत विचारत होती.

त्यांचा हात सोफ्याच्या कडेवरून उचलला गेला, आणि परत टेकला.

जिना करकरला. ती "बचाओ!" म्हणून किंचाळली. आणि मग अगदी शेवटी, श्वास तुटताना, हिंदीत नसलेलं काहीतरी:

"माय वं..."

त्यांनी घाईघाईने चित्र थांबवलं.

हे मंगलाचं. खान्देशातून आणलेलं. हात भाजला, विंचू दिसला, पदर दारात अडकला, की माय वं. लहानपणी प्राजक्ताही तसंच ओरडायची. पालिकेच्या शाळेत मराठी शिकवणारे सुधाकरराव तेव्हा पुस्तकातून मान वर करून सांगत, "आई गं म्हण." ती म्हणायची. पुढे पुढे, पडली तरी गप्पच राहायची.

दारावर थापा पडल्या. शेजारच्या धुरपदाबाई होत्या; साडीला टिकल्या चिकटवता चिकटवता उठून आलेल्या, बोटांना डिंक तसाच.

"भाऊ, काय व्हयनं? कोन वरडनं?"

"कोणी नाही. सिनेमा आहे."

"सिनेमामा माय वं?" त्यांनी वाकून आत पाहिलं. "माले तर मंगलाबाईना आवाज वाटना. पळतच उनू."

"प्राजक्ता आहे ती. आवाज तिचा."

धुरपदाबाई पडद्यावरच्या गोऱ्या मुलीकडे पाहत राहिल्या. "मंग वाचनी का पोर?"

सुधाकररावांना शेवट ठाऊक होता. सकाळीच पाहिला होता.

"अजून थांबवलंय," ते म्हणाले.

धुरपदाबाई गेल्यावर ते बराच वेळ फोन हातात घेऊन उभे राहिले. रविवार नव्हता. आपल्या तोंडी मंगलाची बोली शोभेल का, उच्चार चुकला तर ती हसेल का, असं बरंच मनात आलं. ओठ न हलवता त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. मग नंबर लावला.

"बाबा? काय झालं? बरं आहे ना?"

"हो, हो." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "पोरी... जेवनी का वं?"

तिकडे मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं. मग दार लागल्याचा आवाज झाला आणि हाक बंद झाली.

"नही," ती हळूच म्हणाली. "अजून नही, बाबा."

सुधाकररावांनी पायाने खुर्ची ओढली आणि फोन कानाशी धरून नीट बसले.